दाखवण्यापुरते अठरा हजार

ओहायो, बुधवार, ९ एप्रिल १९८६

त्र्यंबककाका,

हे पत्र मी गेल्या आठवड्यातच लिहिणार होतो. आधी म्हटलं पेन नाही. पेन मिळालं तर म्हटलं कागद नाही. मग रिंकच्या मालकाने पिवळ्या कागदांचं अख्खं पॅड हातात ठेवलं, तेव्हा म्हटलं आज हात दुखतोय. हात खरंच दुखत होता, पण तो काय रोजच दुखतो. स्केट्सची चाकं काढायची, धुवायची, तेल घालायचं, परत बसवायची, असं दिवसभर चालतं. मी सध्या एका रोलर-स्केटिंग रिंकवर आहे. खाली रिंक, वर माझी खोली. खाली संगीत सुरू झालं की माझी कॉट हळूहळू भिंतीपासून सरकते. सकाळी ती दाराला टेकलेली असते.

इथे एक म्हातारे गृहस्थ येतात, टाय लावून. फक्त उलटं स्केटिंग करतात. पुढे जाताना कधी पाहिलं नाही त्यांना. मी विचारलं तर म्हणाले, पुढे काय आहे ते ठाऊक आहे. पण ते राहू दे, विषय तो नाही.

विषय आमच्या धाकट्या सुमेधाचा आहे. तुम्ही तिला पाहून तीन वर्षं झाली असतील. आता सतरा संपेल तिला. दोन कॉलेजांतून तिला बोलावणं आलंय. एक मिशिगनमधलं, ट्रॉयच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. ते तिला निम्म्याहून जास्त फी माफ करतायत, मार्क चांगले म्हणून. दुसरं इथलं, ओहायोतलं, माझ्या रिंकपासून बसने पाऊण तास. सुमेधाला इथेच यायचंय. कारण दगड. लहानपणी ती शाळेतून येताना खिसे भरून खडे आणायची आणि आई ओरडायची, तेच वेड अजून आहे. इथे जिऑलॉजी शिकवतात, दुसऱ्या वर्षापासून मुलांना डोंगरांत घेऊन जातात. मिशिगनच्या कॉलेजात तो विभागच नाही. तिथे ती अकाउंटिंग करणार. नाना म्हणतात तेही चांगलंच. तुम्ही तिला एकदा फोनवर ऐका. ‘अकाउंटिंग’ हा शब्द ती डेंटिस्टच्या खुर्चीतून बोलावं तसा बोलते.

इथलं कॉलेज मार्कांवर पैसे देत नाही, घरची परिस्थिती बघून देतं. ट्रॉयच्या त्या भाड्याच्या डुप्लेक्समध्ये, नानांच्या ड्राफ्ट्समनच्या पगारावर आम्हाला भरपूर मिळायला हवं होतं. मिळाले इतके थोडे की सुमेधाला वाटलं, छापताना एक आकडा राहिला. राहिला नव्हता. त्यांच्या हिशेबाने आम्ही बचतवाले लोक आहोत.

काका, ती बचत कुठली ते तुम्हाला सांगायला नको. पण सांगतो, कारण आता मला ते कुणाला तरी नीट सांगावं लागणार आहे आणि आधी तुमच्यावर सराव करतो.

तुम्ही आणि नाना इकडे शिकायला आलात तेव्हा व्हिसासाठी खात्यात रक्कम दाखवावी लागायची. कऱ्हाडात कापडवाल्या एकनाथशेठनी, दोन मास्तरांनी आणि तुमच्या मामांनी मिळून ती रक्कम आधी नानांच्या खात्यात भरली. मॅनेजरने सर्टिफिकेट दिलं. पुढच्या आठवड्यात तीच रक्कम तुमच्या खात्यात गेली, तुम्हालाही सर्टिफिकेट मिळालं, मग ज्याचे त्याला परत. एकाच पैशावर दोघं अमेरिकेत पोचलात. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगून झाली आहे की सुमेधालासुद्धा मराठीत पाठ आहे, आणि तिला मराठीत फार थोडं पाठ आहे.

तर जानेवारीत कॉलेजच्या मदतीचा फॉर्म आला. त्यात विचारलेलं, आजच्या तारखेला बँकेत किती. नानांनी फॉर्म बघितला आणि त्यांना वाटलं, हे तेच. घर भक्कम दिसलं तर पोरीला घेतील. त्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही एक प्रश्न न विचारता अठरा हजारांचा चेक पाठवलात. नानांनी भरला, फॉर्मवर आकडा लिहिला, महिन्याभराने पैसे परत केले. वर चाळीस डॉलर व्याज जोडलं. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, “पुरुषोत्तम, मला सावकार समजलास?” त्यानंतर तुम्हा दोघांचं बोलणं बंद.

मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. मला दोन ओळी हव्यात. ‘ते अठरा हजार माझे होते, अमक्या तारखेला दिले, अमक्या तारखेला परत मिळाले.’ खाली सही. इंग्रजीत. काकूंना कळू द्यायचं नाही असं तुम्ही नानांना बजावलं होतंत, म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. बघा, एवढी अक्कल आली मला.

कॉलेजला एक मेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

रंगा


ओहायो, मंगळवार, १५ एप्रिल

काका,

गेल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. दोन ओळी मागताना असं लिहिलं की जणू मी आधी तुमची परवानगी घेतोय. खरं म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीच मी कॉलेजात जाऊन सगळं बोलून बसलो होतो. तुमचं नाव घेतलं नाही. “अ फॅमिली फ्रेंड इन टेक्सास” म्हटलं. टेक्सासमध्ये माणसं पुष्कळ आहेत.

जायला सांगितलं सुमेधानेच. रविवारी फोनवर म्हणाली, “दादा, यू आर राइट देअर. जस्ट गो टॉक टु देम.” मी म्हटलं, मी काय बोलणार, मी कम्युनिटी कॉलेजात दीड सेमिस्टर टिकलो. ती म्हणाली, “यू टॉक टु एव्हरीबडी.” ते खरं आहे. मी बोलतो सगळ्यांशी. कामाचं सोडून.

मदतीच्या ऑफिसात मिसेस कोवाल्स्की म्हणून बाई आहेत. साठीच्या. टेबलावर काचेच्या बेडकांची रांग. मी काकूंनी शिवून दिलेलं जाकीट घातलं होतं, ते आतल्या खिशाचं. प्लेनोला तुमच्याकडे राहून निघालो तेव्हा काकूंनी तो खिसा लावला होता. म्हणाल्या होत्या, तू पाय विसरशील कुठेतरी, निदान कागद अंगाला राहू देत. त्या खिशातून दोन्ही कॉलेजांची पत्रं काढून मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं, बघा, ते इतके देतायत, तुम्ही एवढेच.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “यंग मॅन, आम्ही जुन्या गाड्या विकत नाही. इथे घासाघीस होत नाही.”

मी बेडकांविषयी बोलायला लागलो. प्लेनोला तुमच्या अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलमध्ये बेडूक पडायचे आणि काकू ते गाळणीने काढायच्या, तिथपर्यंत पोचलो. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पण फॉर्मवर काही चुकलं असेल तर ते मी रोज दुरुस्त करते. चुकलंय का काही?”

तेव्हा सांगितलं. कऱ्हाड, एकनाथशेठ, एकच रक्कम दोन खाती, सगळं. त्यांनी दोनदा थांबवलं. “म्हणजे पैसे तुमचे नव्हते, आणि तुमच्या वडिलांनी ते आहेत म्हणून लिहिले?”

“हो.”

“मुलीला मदत मिळावी म्हणून?”

“हो.”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. “या टेबलावर लोकांनी पैसे लपवलेले मी खूप पाहिले. बोटी लपवल्या, एकाने घोडा लपवला. नसलेले पैसे दाखवणारे हे पहिलेच.”

मी विचारलं, हा गुन्हा होतो का, एका मित्राला जाणून घ्यायचंय. त्या म्हणाल्या, मित्राला सांग, कॉलेज चूक दुरुस्त करून घेतं, पोलीस बोलवत नाही. मात्र नुसतं माझ्या तोंडचं चालणार नाही. ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याचं सहीचं पत्र हवं, आणि त्याच्या बँकेचा कागद, पैसे गेले आणि परत आले तो. ते एक मेच्या आत त्यांच्या हातात पडलं तर त्या ऑफर नव्याने बघतील. नानांची सही मागाहून टपालाने आली तरी चालेल.

“खातं एकट्याचं आहे?” त्यांनी विचारलं.

चेकवर दोन नावं छापलेली होती. नानांनी तो चेक फ्रिजवर चुंबकाने लावला होता, मी एका शनिवारी घरी गेलो होतो तेव्हा पाहिलेला. मी म्हटलं, “नवराबायकोचं.”

“मग दोघांपैकी कोणीही चालेल.”

मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, ते स्वतःच देतील. बघा, किती विश्वासाने म्हटलं.

आता काका, बँकेचा कागद पण लागेल. दोन ओळींचं काम थोडं वाढलं. माफ करा.

रंगा


ओहायो, मंगळवार, २२ एप्रिल

काका,

उत्तर नाही. टपालवाल्याची मी आता खाली दारातच वाट बघतो. तो म्हणतो, कोण आहे रे ती. मी म्हटलं, पन्नास वर्षांचा इंजिनियर आहे. तेव्हापासून तो जरा लांबूनच टपाल देतो.

काल न राहवून तुमच्या ऑफिसला फोन लावला. कोणी डेबी म्हणून होती, गोड बोलणारी. म्हणाली, तुम्ही सहा आठवडे सांता क्लाराला गेलात, मेच्या मध्यावर येणार. तिकडचा नंबर द्यायची परवानगी नाही. मी म्हटलं, मग माझी पत्रं? ती म्हणाली, “डोंट यू वरी, हनी. त्यांचं पर्सनल टपाल मी दर शुक्रवारी त्यांच्या घरी पाठवते.”

मी म्हटलं, थँक यू सो मच. दोनदा म्हटलं. फोन ठेवला, आणि मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं.

म्हणजे दोन्ही पत्रं प्लेनोला घरी गेली असणार. काकूंच्या हातात. तुमच्या नावाचं पाकीट काकू फोडत नाहीत हे मला माहीत आहे. पण पाकिटावर मागे माझं नाव आहे, आणि माझं पत्र आलं म्हणजे मी कुठेतरी आजारी आहे किंवा तुरुंगात आहे असंच कुणालाही वाटेल. हे तिसरं मी परत ऑफिसलाच पाठवतोय. पाकिटावर ‘घरी पाठवू नये’ असं मोठं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

पंधराच्या पत्रानंतर मी नानांशीही बोललो. ते लिहायचं टाळत होतो, लिहितोच आता.

“कुठून बोलतोयस?”

“रिंकवरून.”

“माणसं चाकं लावून पुढे जातात. तू चाकांत राहून तिथेच.”

मी म्हटलं, नाना, फॉर्म दुरुस्त करता येतो. पाच मिनिटं त्यांनी मला बोलू दिलं नाही. जूनमध्ये त्यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. तिथे विचारतात म्हणे, सरकारी कागदावर कधी खोटं लिहिलंत का. आता आपल्याच हाताने लिहून द्यायचं की हो, लिहिलं? सोळा वर्षं कर भरला, कधी सिग्नल तोडला नाही, आणि आता पोरीच्या दगडांपायी?

“मिसेस कोवाल्स्की म्हणतात, ही चूक आहे, खोटं नाही.”

“चूकसुद्धा कसली? त्या दिवशी खात्यात पैसे होते की नव्हते?”

“होते. पण दुसऱ्याचे.”

“त्र्यंबक दुसरा?”

काका, हे ते ओरडून म्हणाले. मग नाना हळू म्हणाले, “व्याज मी त्याला दुखवायला लावलं नव्हतं. त्याने बायकोला न सांगता पैसे काढले होते. तिच्या शिलाईचे होते त्यात. खात्यात परत जाताना कमी पडू नयेत, एवढंच.”

हे तुम्हाला माहीत नव्हतं ना? मलाही नव्हतं.

शेवटी म्हणाले, त्र्यंबकने आपणहून लिहून दिलं की ते पैसे त्याचे, तर मी माझी सही करीन. मी त्याला मागायला जाणार नाही.

मग सुमेधा फोनवर आली. मिशिगनच्या कॉलेजचं होकाराचं कार्ड तिने भरून ठेवलंय, नुसतं टाकायचं बाकी आहे. म्हणाली, “इट्स फाइन, दादा. रिअली.” मी म्हटलं, फाइन कसं, तू तर काल रडत होतीस. ती म्हणाली, “आय वॉज नॉट. अँड अकाउंटंट्स कॅन हॅव रॉक्स.” म्हणजे फावल्या वेळात. मला अशा माणसांची भीती वाटते जी फावल्या वेळात जगतात. मी तसा नाही, माझा सगळाच वेळ फावला आहे. ती तशी होऊ नये.

मी तिला शब्द दिला की तीसपर्यंत थांब. माझ्या शब्दावर कोणी थांबल्याची ही पहिलीच वेळ.

तुम्ही सांता क्लाराला कुठल्या हॉटेलात आहात? मी तिथल्या तीन हॉटेलांना फोन केले. एका ठिकाणी दुसरेच कोणी काका निघाले, गुजराती. त्यांनी पाच मिनिटं चौकशी केली आणि लग्न झालंय का विचारलं.

रंगा

ता. क. : काकू, डेबीने हेही पाठवलंच, आणि तुम्ही वाचताय, असं समजून लिहितो. काकांवर रागावू नका. त्यांनी पैसे उधळले नाहीत, एका जुन्या दोस्तासाठी महिनाभर लपवले, आणि ते सगळे परत आलेत, वर चाळीस. तुमचं घर त्यात बुडालं नाही. तुम्ही मला दोन महिने जेवायला घातलंत, आणि मी तुमच्या मागे हे लचांड लावलं.


ओहायो, मंगळवार, २९ एप्रिल, दुपार

काका,

हे कुठे पाठवायचं ठाऊक नाही, तरी लिहितोय. हात रिकामे ठेवले की मी भलतंच काही करीन.

भलतंच केलंही, अर्धं. सकाळी पिवळ्या पॅडवर तुमच्या नावाने पत्र लिहून काढलं. इंग्रजी बरं जमलं. मग तुमची सही आठवून आठवून गिरवली, त्या त्र्यंबकातल्या शेवटच्या ‘के’ची शेपटी तुम्ही खाली ओढता ती. पंधरावीस सह्या झाल्यावर एक तर हुबेहूब आली. ती बघून मला नाना आठवले. पोरीचं भलं व्हावं म्हणून नसलेलं दाखवायचं. आमच्या घरात हे काय रक्तातच आहे का? फाडून टाकलं. खाली नेऊन पॉपकॉर्नच्या मशिनजवळच्या टोपलीत टाकलं, वर खारे कागद ढकलले.

मग मिसेस कोवाल्स्कींना फोन केला, विचारलं, एक-दोन दिवस जास्त मिळतील का. त्या म्हणाल्या, परवा पाचपर्यंत त्यांच्या टेबलावर हवं. त्यांच्या हातात असतं तर दिलं असतं, पण रांगेत आणखी मुलं आहेत. “तुझे टेक्सासचे मित्र कधी पाठवतायत?” मी म्हटलं, निघालंय ते. निघालंय म्हटलं काका. आता काय करू.

सुमेधाचा दुपारी फोन आला होता म्हणे. रिंकवर शाळेची सहल आहे, दीडशे पोरं आणि संगीत, मालकाला फोनवरचं नीट ऐकूच आलं नाही, माझ्यापर्यंत आला तो दोन शब्दांचा निरोप. ‘टुमॉरो, दादा.’ म्हणजे उद्या कार्ड टाकणार. मी तिला फोन करायला हवा. करून काय सांगू? थांब म्हणू? कशासाठी?

मी नाणी काढून टेबलावर मांडली आहेत, प्लेनोला फोन करायला. दोनदा खाली जाऊन परत आलो. काकूंनी फोन उचलला तर काय बोलायचं ते जिन्यात ठरवतो, आणि फोनपाशी पोचेपर्यंत विसरतो. शेवटी काय झालं, तिसऱ्यांदा गेलो आणि फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलत नाही. परत लावला, तरी नाही. मंगळवारी काकू कुठे जाणार? त्या तर हायवेवर गाडीच घालत नाहीत. मला आठवतं, वाण्याकडे जायला हायवेने दहा मिनिटं लागायची आणि काकू आतल्या रस्त्यांनी तासभर घेऊन जायच्या, स्टिअरिंगला नाक लावून. मी म्हणायचो, काकू, मी चालवतो. तर म्हणायच्या, तू चालवलीस की आपण वाण्याकडे जाणार नाही, मेक्सिकोला जाणार.

थांबा हं काका.

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी खूप वेळ हॉर्न वाजवतंय. शाळेची बस लागायच्या जागेवर एक तपकिरी स्टेशन वॅगन आडवी उभी आहे. मालक बाहेर जाऊन हातवारे करतोय, की इथे नाही, इथे नाही.

नंबर प्लेट टेक्सासची आहे.

काका, गाडीला चिखल आहे, दरवाजांच्या वरपर्यंत. हायवेवर असला चिखल नसतो. ही गाडी शेतांमधून आली आहे, गावागावांतून, आतल्याच रस्त्यांनी, टेक्सासपासून ओहायोपर्यंत. डॅशबोर्डवर नकाशे पसरलेत, मागच्या सीटवर उशी आणि डब्यांची पिशवी दिसते. किती दिवस लागले असतील मला हिशेब करवत नाही.

सुलभाकाकू उतरल्या आहेत. पांढरे बूट, साडीवर तुमचा कोट. मालकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून खिडक्या बघतायत. एका हातात माझी पाकिटं आहेत, मी इथून ओळखतो, त्यातल्या एकावर त्या दोन रेघा आहेत. दुसऱ्या हातात बँकेचं लांब पाकीट.

तुम्ही घरी फोन लावत असाल आणि कोणी उचलत नसेल तर घाबरू नका. आता मी काचेवर हात आपटला आणि त्यांनी मला पाहिलं. हसल्या वगैरे नाहीत. खालूनच, संगीताच्या वर आवाज चढवून ओरडल्या,

“रंग्या, जाकीट घाल! त्या बाईचं ऑफिस किती वाजता बंद होतं?”